सासूबाईंची भाषा आणि रविवारची मराठी शाळा

या वेळचं पत्र अमेरिकेतल्या ओक्लाहोमा राज्यातून आलं आहे. थोडं कापून देते.

“ताई, मी मूळची साताऱ्याची. गेली 14 वर्षं टल्सात राहते. माझा नवरा आईकडून चेरोकी, म्हणजे इथल्या मूळ रहिवासी ‘अमेरिकन इंडियन’ लोकांपैकी, वडील गोरे. चेरोकी नेशनचं, म्हणजे त्या लोकांच्या स्वतःच्या शासनाचं, नागरिकत्वाचं कार्ड त्याच्याकडे लहानपणापासून आहे, पण भाषा येत नाही. सासूबाई 74 वर्षांच्या आहेत. त्यांना चेरोकी येते असं सगळे म्हणतात, पण मी त्यांच्या तोंडून चार शब्दांपलीकडे काही ऐकलेलं नाही. मागच्या वर्षी त्यांची मोठी बहीण गेली. चर्चमध्ये म्हाताऱ्या माणसांनी चेरोकीतून स्तोत्रं म्हटली आणि नवऱ्याला त्यातली एक ओळही कळली नाही. त्या दिवसापासून तो बदलला आहे. चांगली नोकरी सोडून दोन वर्षं टालेक्वाला, चेरोकींच्या राजधानीच्या गावी, भाषा शिकायला जाणार म्हणतो. आमच्या आठ वर्षांच्या लेकीनेही शिकावं म्हणतो, त्यासाठी रविवारची मराठी शाळा बंद करून तिला आजीकडे न्यायचं त्याच्या मनात आहे. तो दिसायला गोरा, त्यामुळे लोक विचारतात, ‘तू किती टक्के इंडियन?’ मग तो खाली मान घालतो. मला त्याचं दुःख दिसतं, पण चाळिशीत हे खूळ कशाला, असंही वाटतं, आणि असं वाटल्याची लाजही वाटते. मी यात कुठे बसते? माझी लेक नेमकी कोण?”

प्रिय मैत्रिणी,

आधी उत्तर सांगते, कारणं मग. नवऱ्याला त्या वाटेने जाऊ द्या. उद्या सकाळी राजीनामा देऊन नव्हे, बेताबेताने, पण जाऊ द्या. आणि मराठी शाळा बंद करू नका. दोन्ही कसं जमेल ते लिहितेच. त्याआधी सासूबाईंबद्दल बोलू, कारण सगळ्याची गाठ तिथे आहे.

ज्या बाईला भाषा येते आणि तरी ती पोटच्या मुलाला शिकवत नाही, ती भाषा विसरलेली नसते. तिने ती आवरून, घडी घालून ठेवलेली असते. का, ते कळायला थोडं मागे जावं लागेल. सिक्वोया नावाच्या माणसाने, ज्याला स्वतःला इंग्रजी वाचता येत नव्हतं, 1821 च्या सुमारास चेरोकीची लिपी एकट्याने तयार केली. तेव्हा 86 चिन्हं होती, आज 85 वापरतात. एक चिन्ह म्हणजे एक पूर्ण अक्षर. आपल्याला हे लगेच समजतं, फरक इतकाच की त्यात बाराखडी नाही, ‘का’ आणि ‘की’ यांच्या आकारांत काही नातं नसतं. हजारो लोक थोड्याच वर्षांत ती लिपी लिहू-वाचू लागले. 1828 मध्ये जॉर्जियातल्या न्यू एकोटा इथून ‘चेरोकी फीनिक्स’ निघालं, चेरोकी आणि इंग्रजी अशा दोन्ही भाषांत. बाळशास्त्री जांभेकरांचं ‘दर्पण’ निघायला अजून चार वर्षं होती, आणि तेही असंच दोन भाषांत निघालं. तुमच्या लेकीला कधीतरी ही दोन वर्तमानपत्रं शेजारी ठेवून दाखवा.

म्हणजे तुमच्या नवऱ्याची माणसं लिहिणारी, छापणारी होती. दहा वर्षांनी, 1838-39 मध्ये, अमेरिकी सरकारने सैन्य लावून त्यांना जमिनीवरून उठवलं. सुमारे 16,000 माणसं पश्चिमेला हाकलली गेली आणि छावण्यांत, वाटेवर मिळून अंदाजे 4,000 मेली. उरलेल्यांनी टालेक्वाला नवी राजधानी वसवली, स्वतःच्या शाळा काढल्या, पुन्हा छापखाना उभा केला. मग 1907 मध्ये ओक्लाहोमा राज्य झालं, शाळा त्यांच्या हातून गेल्या, आणि पुढच्या दोन-तीन पिढ्यांनी वर्गात चेरोकी शब्द बोलल्याबद्दल मार खाल्ला, तोंडात साबण कोंबून घेतला. तुमच्या सासूबाई शाळेत गेल्या त्या 1950 च्या दशकात. त्यांच्यावर नेमकं काय गुदरलं ते मला माहीत नाही, तुम्हालाही नाही. पण त्या वयाच्या कितीतरी आयांनी एकच हिशेब केला: माझं पोर माझ्यासारखं मार खाणार नाही. मुलाला न शिकवणं हे त्या बाईचं प्रेमच होतं. नवऱ्याच्या मनात आईबद्दल राग असेल, आणि बहुधा असणार, तर हे त्याला सांगा. तो स्वतः आईला हे विचारू शकणार नाही.

मला हे जवळून कळतं. माझी आजी अहिराणी बोलायची. आम्ही खानदेश सोडून शहरात आलो तेव्हा वर्गात मी ‘आहे’ऐवजी ‘शे’ म्हणाले आणि सगळा वर्ग हसला. बाईही हसल्या. त्या संध्याकाळी आजी म्हणाली, “भूक लागनी शे का?” मी तिला म्हटलं, “शे नाही, आहे म्हण.” आजीने माझ्याकडे पाहिलं आणि त्यानंतर माझ्याशी जपून, अडखळत प्रमाण मराठीत बोलायला लागली. ती जाईपर्यंत. मी तेव्हा नऊ वर्षांची होते. अहिराणी मरणार नाही, लाखो लोक बोलतात, आता तिच्यात गाणी आणि सिनेमे निघतात. पण माझ्या आजीची अहिराणी मी बंद केली. म्हणून तुमच्या नवऱ्याला चर्चमध्ये जे झालं त्याला मी खूळ म्हणू शकत नाही.

आता टक्क्यांचं. हा प्रश्न चेरोकींनी काढलेला नाही. 1890 च्या दशकात अमेरिकी सरकारला त्यांची सामाईक जमीन फोडून माणशी वाटायची होती, उरलेली गोऱ्या वसाहतदारांना मोकळी करायची होती. त्यासाठी सरकारने नेमलेल्या डॉज कमिशनने याद्या केल्या आणि नावापुढे ‘रक्ताचं प्रमाण’ लिहिलं, बरेचदा समोरच्या माणसाच्या चेहऱ्याकडे पाहून. रेडबर्ड स्मिथसारखी परंपरा सांभाळणारी माणसं नाव द्यायला तयार नव्हती, त्यासाठी तुरुंगात गेली. आज चेरोकी नेशनचं नागरिकत्व त्याच यादीतल्या पूर्वजावरून ठरतं हे खरं, पण टक्के कोणी मोजत नाही. पूर्वज यादीत असला की पुरे. आणि गोरं दिसण्याची शरम? 1828 पासून 1866 पर्यंत, म्हणजे त्या सगळ्या वाताहतीत, ज्याने या लोकांचं नेतृत्व केलं तो जॉन रॉस रक्ताच्या हिशेबाने एक-अष्टमांश चेरोकी होता आणि त्याला चेरोकी अस्खलित येत नसे. तरी तो त्यांचाच होता, कारण आईकडून त्याला कूळ होतं.

‘माझी पणजी चेरोकी राजकन्या होती’ असं सांगणारे तुम्हाला तिथे रोज भेटत असतील. चेरोकींत राजकन्या नव्हत्या. तुमचा नवरा त्या लोकांत मोडत नाही. त्याची आई जिवंत आहे, मावशी पुरली आहे, कोणत्या चर्चच्या अंगणात तेही त्याला माहीत आहे. पुढच्या वेळी कोणी टक्के विचारले तर त्याने एवढंच म्हणावं, “मी चेरोकी नेशनचा नागरिक आहे, माझ्या आईची माणसं अमुक गावची.” तिथली माणसं एकमेकांना असंच विचारतात म्हणे: कोणाचा, कुठला. साताऱ्यात तरी वेगळं काय विचारतात?

मला सगळ्यात जास्त भिडलेली गोष्ट आता. चेरोकींची आज तीन राष्ट्रं आहेत, चेरोकी नेशन त्यांतलं एक. 2019 मध्ये त्या तिघांनी मिळून भाषेसाठी आणीबाणी जाहीर केली. जन्मापासून चेरोकी बोलणारे जेमतेम 2,000 उरले होते, बहुतेक साठीपुढचे. त्याच वर्षी टालेक्वात एक नवी वही उघडली. ज्यांची ती मातृभाषा आहे त्यांनी येऊन स्वतःच्या हाताने त्यात सही करायची. एक यादी सरकारी माणसाने चेहरे पाहून केलेली, आणि सव्वाशे वर्षांनी ही दुसरी. मग कोविड आला आणि त्या वहीतली माणसं जाऊ लागली. 2020 च्या डिसेंबरात पहिल्या लसी आल्या तेव्हा चेरोकी नेशनने त्या दवाखान्यातल्या कर्मचाऱ्यांबरोबर कोणाला आधी दिल्या, ठाऊक आहे? अस्खलित बोलणाऱ्यांना. लस कमी आणि माणसं जास्त असताना त्या राष्ट्राने आधी कोणाला वाचवायचं ठरवलं, ते बघा. सासूबाईंनी त्या वहीत सही केली आहे का, हे हळूच विचारा. केली नसेल तर ‘करा’ म्हणून मागे लागू नका.

नवऱ्याचा कार्यक्रम मला माहीत आहे. 2014 मध्ये सुरू झालेला, गुरूजवळ बसून शिकण्याचा. दोन वर्षं, आठवड्याला 40 तास, आणि शिकणाऱ्याला त्याबद्दल पैसे मिळतात. ते तुमच्या आजच्या दुसऱ्या पगाराइतके नसणार, म्हणून वही-पेन घेऊन बसा. घराचा हप्ता, गाडी, लेकीचा खर्च. आरोग्य विमा तुमच्या नोकरीतून निघतो का ते आधी बघा, कारण तुम्ही स्वतः नागरिक नाही, नेशनच्या दवाखान्यांचा आधार त्याला आणि लेकीला आहे तसा तुम्हाला नाही. टल्साहून टालेक्वा जाऊन-येऊन रोजचे दोन-अडीच तास आहेत, ते थकवतात. आणि जागा थोड्या असतात, निवड व्हावी लागते. म्हणून पहिलं वर्ष त्याने नोकरी ठेवून नेशनचे मोफत ऑनलाइन वर्ग करावेत. एक वर्ष संध्याकाळी नेमाने बसला तर अर्ज करा. नाही बसला तर तुमची एक नोकरी वाचली, आणि त्यालाही स्वतःचं काहीतरी कळलं.

पुस्तकं आहेत. डर्बिन फीलिंग यांचा 1975 चा शब्दकोश आहे, आज टालेक्वातल्या भाषाकेंद्राला त्यांचंच नाव आहे. फोनवर चेरोकीत टाइप करता येतं. मग माणसं कशाला हवीत, असं तुम्हाला वाटेल. त्यांच्या भाषेत पाणी आणि मीठ लिपीत अगदी सारखं लिहितात, ‘अमा’. फरक स्वराच्या लांबीत, आणि लिपी तो दाखवत नाही. म्हाताऱ्या माणसाच्या तोंडून ऐकला तरच कळतो. “मला दे” म्हणायचं तर काय द्यायचं त्यावर क्रियापद बदलतं: पातळ पदार्थ, लांब-ताठ वस्तू, कापडासारखी लवचिक वस्तू, जिवंत प्राणी, आणि बाकी सगळं. पाणी मागताना एक, काठी मागताना दुसरं, मांजर उचलून दे म्हणताना तिसरं. हे स्वयंपाकघरात, कोणी खरंच मांजर हातात देत असताना शिकायचं असतं. उरलेल्या थोडक्या माणसांतली एक तुमच्या घरापासून तासाभरावर राहते आणि तुम्ही तिला सासूबाई म्हणता.

एका गोष्टीत तुम्ही नवऱ्याच्या पुढे आहात. इंग्रजीत एकच ‘वी’. चेरोकीत चार आहेत: मी आणि तू, मी आणि तो, मी आणि तुम्ही सगळे, मी आणि ते सगळे. इंग्रजी माणसाला हे डोक्यात बसायला महिने लागतात. तुम्हाला ‘आपण’ आणि ‘आम्ही’ आईच्या दुधाबरोबर मिळालं आहे. समोरच्याला धरून की वगळून, हे तुमच्या कानाला न सांगता कळतं. लेकीलाही कळतं, तुमच्या मराठीमुळेच. निरोप घेताना ते ‘दोनादागोहंइ’ म्हणतात, म्हणजे आपण दोघं पुन्हा भेटू, आणि त्यात हाच ‘आपण दोघं’ आहे. अभ्यासात नवरा इथे अडकला की तुम्ही शेजारी बसा. मी यात कुठे बसते, असं तुम्ही विचारलंत, त्याचं माझ्याकडचं पहिलं उत्तर हे आहे.

म्हणून मराठी शाळा बंद करायची नाही. पण एक कबूल करा. मराठी बोलणारे 2011 च्या जनगणनेत 8 कोटी 30 लाख होते. लेकीची मराठी थोडी मागे पडली तर ती विसाव्या वर्षी साताऱ्याला मामाकडे राहून सहा महिन्यांत भरून काढेल. चेरोकीसाठी तिला विसाव्या वर्षी कोणाकडे पाठवाल? म्हणून दर महिन्यातले दोन रविवार मराठी शाळा, दोन रविवार आजीकडे. तुम्ही मात्र घरी तिच्याशी मराठीच बोला, जेवायला वाढताना, रागावताना, केस विंचरताना. इंग्रजीत घसरू नका. खरं म्हणजे तिची मराठी तुमच्या जिभेवर अवलंबून आहे, शाळेवर नाही. तिला टालेक्वाच्या इमर्शन शाळेत, जिथे सगळं चेरोकीतूनच शिकवतात, घालायचा विचार असेल तर तो सोडा. 2001 पासून ती शाळा चांगलं काम करते आहे, पण मुलं तिथे अगदी लहानपणी जातात. आठव्या वर्षी एकदम मध्ये टाकलं तर पोर गांगरेल.

लेक कोण, हे अवघड आहे आणि मी ते गुळगुळीत करून सांगणार नाही. नागरिक म्हणून ती चेरोकी आहे, त्यात शंका नाही. पण चेरोकींची सात कुळं आहेत, लांडगा, हरीण, पक्षी वगैरे, आणि कूळ आईकडून येतं. आपल्या गोत्रासारखंच, एका कुळात लग्न होत नाही, फक्त गोत्र बापाचं आणि त्यांचं कूळ आईचं. पूर्वी मुलाला वळण लावायचं काम बापापेक्षा आईच्या भावाचं होतं. मामाचा मान तुम्हाला काही समजावून सांगायला नको. तर सासूबाईंकडून नवऱ्याला कूळ आहे. तुमच्याकडून लेकीला, त्या नियमाने, नाही. काही ठिकाणी दत्तक घेऊन कूळ देण्याची जुनी रीत आहे. पण ते देणाऱ्यांनी द्यायचं असतं. तुम्ही किंवा नवऱ्याने परस्पर ‘ही पक्षी कुळाची’ असं ठरवून तिला सांगू नका. ती मोठी होऊन कोणासमोर ते म्हणेल आणि तिथे तिला खोटं पडावं लागेल. आज तिला एवढंच सांगा: तुझ्या आजीचं कूळ हे, बाबाचं तेच, आणि तू त्यांची नात आणि लेक.

नवऱ्याला कोणी चेरोकींच्या नृत्याच्या मैदानावर बोलावलं तर तिघंही जा. रात्रभर पवित्र अग्नीभोवती फेर चालतो, पुरुष गातात आणि बायका पायाला कासवाच्या पाठीचे खुळखुळे बांधून ताल धरतात. सगळा ताल त्या बायकांच्या पायांत असतो. फोन गाडीत ठेवा. फोटो नाही, रेकॉर्डिंग नाही, नातेवाइकांच्या ग्रुपवर तर मुळीच नाही. काय घालायचं, कुठे बसायचं हे बोलावणाऱ्याला आधी विचारा, आणि सगळ्यांना पुरेल असं काहीतरी करून न्या. चिवडा चालेल. तो उत्सव नाही, पूजा आहे. आपल्या देवघरात कोणी चपला घालून आलं तर कसं वाटेल, तेवढं डोक्यात ठेवलं की बाकी जमतं.

आणि पहिला रविवार. सासूबाईंसमोर वही उघडून “शिकवा” म्हणायचं नाही, त्या मिटून जातील. कनुची नावाचा त्यांचा पदार्थ करायला सांगा. हिकरीच्या झाडाची अक्रोडासारखी कडक फळं फोडून, टरफलं जमतील तेवढी काढून, उखळात तेल सुटेपर्यंत कुटतात. पोकळ लाकडाचं उखळ, आणि मुसळाचं जाड टोक वर, बारीक खाली, म्हणजे वजन वरून पडतं. आपल्यापेक्षा उलटं, बघून तुम्हाला नवल वाटेल. मग मुठीत दाबून मोठे लाडू वळतात. एक लाडू उकळत्या पाण्यात विरघळवून फडक्यातून गाळायचा, नारळाचं दूध गाळतो तसा, म्हणजे उरलीसुरली टरफलं मागे राहतात. त्यात शिजलेला भात घालून खायचं. कुटायचं काम दमवणारं आहे, तुमचा हात त्यांना लागेल. कुटता कुटता विचारा, “तुमच्या आईच्या भाषेत याला काय म्हणायचं?” भाषा कशी बोलतात हे विचारायचं नाही, आई काय म्हणायची तेवढंच. एक शब्द आला तरी पुरे. ‘वादो’ म्हणा, म्हणजे धन्यवाद, आणि पुढचा शब्द मागू नका.

लेकीला फडकं धरायला लावा. नवऱ्याला त्या दिवशी शक्यतो बाहेर अंगणात फळं फोडायला बसवा. तो समोर असला की आईला तो मार खाणारा मुलगा दिसेल. तुमच्यासमोर तिला ती भीती नाही.

दोन-तीन महिन्यांनी पुन्हा लिहा. सासूबाईंनी कोणता शब्द दिला तेही लिहा.

तुमची ताई